हात वर केलास की मी थांबणार

सकाळी ८.३०

दिवस सुरळीत जाणार की रडारडीत, हे पुष्कळसं आदल्या संध्याकाळी अपॉइंटमेंटच्या वहीतच ठरलेलं असतं. लहान मुलांच्या दातांचा दवाखाना मुलांची भूक आणि झोप बघून चालवावा लागतो. तीन-चार वर्षांची मुलं सकाळी बोलवायची, कारण दुपारी एकनंतर ती भुकेली तरी असतात नाहीतर पेंगुळलेली, आणि पेंगुळलेल्या मुलाला समजावणं कुठल्याच डॉक्टरला जमत नाही. शाळेतली मोठी मुलं संध्याकाळी. ज्याला पहिल्यांदा भूल द्यायची आहे, त्याच्या आधीचा नंबर शक्यतो एखाद्या सरावलेल्या मुलाला. आतून उड्या मारत बाहेर येणारं मूल बाकावर बसलेल्याला जे पटवून देतं, ते माझ्या दहा वाक्यांनी होत नाही.

सांताक्रूझ स्टेशनच्या पश्चिमेला, स्वामी विवेकानंद रस्त्यावरून आत वळलं की एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आमचा दवाखाना. जून महिना, शाळा नुकत्याच उघडलेल्या, रात्रभर पाऊस. मदतनीस ताई माझ्या आधी येऊन खिडक्या उघडतात. युजेनॉलचा, म्हणजे लवंगेच्या तेलाचा वास बाहेर जायला हवा. मुलांना त्या वासाचं काही नसतं. सोबत आलेल्या आईबाबांना मात्र आपलं लहानपण आठवतं, चेहरा ताठरतो, आणि मूल नेमका तो चेहरा वाचत असतं.

सुया आणि दात काढायचे चिमटे खुर्चीच्या पाठीमागे, रुमालाखाली जातात. एअरोटर, म्हणजे दात कोरायचं ते शिट्टीसारखा आवाज करणारं यंत्र, कुणी यायच्या आत फिरवून बघायचं. पांढरा कोट खुंटीलाच राहतो आणि मास्क मी पहिली ओळख झाल्यावर लावते. एवढी सगळी तयारी मुलाला घाबरवू नये म्हणून. पण तिचा उपयोग एका नियमावर अवलंबून आहे, आणि तो नियम मुलांसाठी नाही, आमच्यासाठी आहे: या दारातून आत आलेल्या मुलाशी खोटं बोलायचं नाही.

९.००

पहिला पेशंट तेरा महिन्यांचा. चार दात वर, दोन खाली. आई म्हणते, "डॉक्टर, त्रास काहीच नाही, सहज दाखवायला आणलंय." असं कुणी आलं की माझी सकाळ चांगली सुरू होते. पहिला वाढदिवस होईपर्यंत मुलाला एकदा दाताच्या डॉक्टरकडे न्यावं, असं बालदंतवैद्यक सांगतं. बहुतेक मुलं मात्र पहिल्यांदा येतात ती रात्रभर दाढ ठणकल्यावर. दुखऱ्या तोंडाने पहिल्यांदा आलेल्या मुलासाठी ही जागा आणि ते दुखणं एकच होऊन बसतं.

एवढ्याशा बाळाला खुर्ची लागत नाही. आई आणि मी समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसतो. बाळ आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर बसतं, मग हळूच मागे रेलून माझ्या मांडीवर डोकं टेकतं. त्याला आई दिसत राहते आणि मला तोंड दिसतं. ते रडतं. रडू दे. या वयात रडणं हीच बोली आहे, शिवाय तोंडही आपोआप उघडतं. दीड मिनिटात काम संपतं आणि ते आईच्या खांद्यावर जातं.

वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीलगत, खडूसारखी पांढरी रेघ आहे. कीड अशीच सुरू होते, आणि या टप्प्यावर ती थांबवता येते. रात्री काय देता, असं विचारल्यावर सोबत आलेल्या आजी सांगतात, "बाटली तोंडात असल्याशिवाय झोपतच नाही हो. साखर फक्त अर्धा चमचा." झोपेत लाळ कमी सुटते, दूध दातांवर साचून राहतं, साखरेवर जिवाणू पोसतात आणि त्यांच्या आम्लाने दात झिजतो. बाटली एकदम तोडायची नाही. साखर आधी बंद, मग दुधात रोज थोडं पाणी वाढवत न्यायचं. तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा.

"पण दुधाचेच दात ना? पडायचेच आहेत," आजी म्हणतात.

"पुढचे सहा-सात वर्षांत पडतील, आजी. दाढा मात्र दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत वापरायच्या आहेत. तोपर्यंत त्या दुखल्या तर जेवणार काय?"

आजी विचारात पडतात.

९.४५

साडेतीन वर्षांची मुलगी दारातच थांबली आहे. हात दाराच्या चौकटीला घट्ट. तिला सांगितलं होतं की आपण खेळण्यांच्या दुकानात चाललोय. खुर्ची दिसली आणि तिला कळलं. पुढची पाच मिनिटं बाहेरच्या गल्लीपर्यंत आवाज जातो.

मुलाचं वागणं नोंदवायला आमच्याकडे १९६२ सालची फ्रँकल यांची पट्टी आहे: दोन उणे, एक उणे, एक अधिक, दोन अधिक. पूर्ण नकार ते पूर्ण साथ. हिच्या कागदावर मी दोन उणे लिहिते. हा शिक्का नाही. पुढच्या वेळी कुठून निघायचं, एवढंच त्यातून कळतं.

भीती मुलात येते कुठून? स्टॅन्ले रॅकमन या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये तीन वाटा मांडल्या: स्वतःला आलेला वाईट अनुभव, दुसऱ्याला घाबरलेलं पाहणं आणि कानावर पडलेली माहिती. आमच्या बाकांवर तिन्ही वाटांनी आलेली मुलं बसतात, पण तिसरी वाट सगळ्यांत रहदारीची. "दूध पी, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील", "मस्ती केलीस तर दात उपटायला नेईन". घरात महिनोन्‌महिने मला बागुलबुवा म्हणून वापरलेलं असतं, आणि मग एक दिवस त्याच बागुलबुवासमोर तोंड उघडायला सांगतात.

हिला मी आत नेत नाही. मीच बाहेर येऊन जमिनीवर बसते, तिच्यापासून हातभर दूर. सोबत दात असलेलं कापडी माकड आणि लहान आरसा. माकडाचे दात मोजते आणि मुद्दाम चुकते. तिसऱ्या चुकीला रडणं थांबतं, कारण चूक दुरुस्त केल्याशिवाय तिला राहवत नाही. "सहा! सहा आहेत!" मग आरसा तिच्या हातात. मग ती माकडाला तपासते. वीस मिनिटांनी आम्ही खुर्चीपाशी पोचतो. बसायचं नाही, फक्त बटण दाबायचं: खुर्ची वर, खुर्ची खाली. बटण तिच्या हातात.

आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. अ‍ॅडलस्टन या अमेरिकी दंतवैद्याने १९५९ मध्ये मांडलेली ही पद्धत जगभर पहिल्या धड्यात शिकवतात. ऐकायला सोपी आहे. अवघड आहे ते एकेका पायरीवर मुलाची वाट बघत थांबणं. आज आमची शेवटची पायरी एवढीच, की तिने माझ्या बोटाला खालचे दात मोजू दिले.

वडील घड्याळ बघत उभे आहेत. "डॉक्टर, अर्धा दिवस रजा टाकलीय. आज काहीच केलं नाहीत?"

"आज तिने दारापासून खुर्चीपर्यंतचं अंतर कापलं. ते मी धरून आणून कापलं असतं, तर पुढच्या वेळी तुम्हाला तिला गाडीतूनच उतरवता आलं नसतं."

त्यांना हे पूर्ण पटत नाही, आणि त्यांची बाजूही खोटी नाही. रजेचे पैसे कापले जातात, फी द्यावी लागते. म्हणून पुढच्या भेटीचं नीट सांगते. चार दात किडलेत, पण अजून दुखत नाहीत, त्यामुळे वेळ हाताशी आहे. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं औषध थेंबाने लावलं की कीड बहुतेक वेळा जागीच थांबते. सुई नाही, कोरणं नाही. किडलेला भाग मात्र कायमचा काळा पडतो, तो पुढच्या दातांवर दिसेल. औषध लावायच्या आधीच मी हे आईवडिलांना सांगते, म्हणजे ठरवायला त्यांना आठवडा मिळतो. नियम त्यांनाही लागू आहे.

११.००

सहा वर्षांचा मुलगा, खालची दुधाची दाढ, कीड दाताच्या नसेपर्यंत गेलेली. आज भूल देऊन रूट कॅनाल आणि वर स्टीलची कॅप. ही त्याची तिसरी भेट. खुर्ची, आरसा, दिवा, पाण्याचा फवारा, सगळ्यांशी ओळख झालेली आहे.

आधी वजनकाटा. मुलांना वाटतं तो खेळ. मला मात्र त्यावरून औषधाची मर्यादा काढायची असते. लिग्नोकेन किलोमागे जास्तीत जास्त ४.४ मिलिग्रॅम, म्हणजे याच्या २० किलोंना ८८. लागेल ते त्याहून बरंच कमी, पण आकडा आधी कागदावर लिहिल्याशिवाय सुई भरायची नाही.

मग करार. "डावा हात वर केलास की मी थांबणार. बघ करून." मी आरशाने दात मोजायला लागते. दुसऱ्या दाताला हात वर. मी थांबते. पुन्हा सुरू, पुन्हा हात. आता तो हसतोय, परीक्षा माझी चालली आहे. चार वेळा थांबल्यावर त्याची खात्री पटते. नवीन आलेल्या शिकाऊ डॉक्टरांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. पण थांबवता येतं हे कळलेलं मूल फारसं थांबवत नाही.

"आंटी, इंजेक्शन आहे का?"

दिवसातला सगळ्यांत कठीण प्रश्न हाच. सुई मी त्याच्या डोळ्यांसमोर नाचवत नाही. दाताला झोपवायचं औषध, पाणी पिणारा पाइप, दाताचा शॉवर असे शब्द आम्हीही वापरतो. ते मुलाला झेपतील असे शब्द आहेत, आणि त्यामागची वस्तू खरीच आहे. पण त्याने सरळ विचारलं तर उत्तरही सरळ.

"हो, आहे. आधी जेली लावून हिरडी झोपवते. मग मुंगी चावल्यासारखं टोचेल. आपण दहा आकडे मोजू, तेवढ्यात संपेल."

बाजूच्या स्टुलावर आई कासावीस होते. तिने घरी "इंजेक्शन नाही देणार" असं सांगितलं होतं. पण मुलगा तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत विचार करतोय. "दहा इंग्लिशमध्ये की मराठीत?" मराठीत, असं ठरतं.

चवीची जेली दोन मिनिटं ठेवायची. औषधाची नळी आधी हातात धरून कोमट करायची. गाल धरून हलकेच हलवत राहायचं, म्हणजे मेंदूला टोचण्याबरोबर दुसरीही बातमी पोचते. आणि औषध अगदी सावकाश सोडायचं, कारण जास्त दुखतं ते सुईने नाही, घाईने आत ढकललेल्या औषधाने. आईला एकच काम दिलंय: पायावर हात ठेवायचा आणि काही बोलायचं नाही. 'काही नाही होत', 'झालं झालं', 'तू शूर ना' हे सगळं प्रेमापोटी येतं, पण तीन आवाज एकदम आले की मुलाला कुणाचं ऐकावं ते कळत नाही.

सातला त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. आठ. नऊ. दहा. हात वर जात नाही.

पुढचा पाऊण तास साधा. दातावर रबर डॅमचा पडदा बसतो. पावसाळ्यात त्याचं नाव दाताचा रेनकोट. नसेतला किडका भाग साफ होतो, औषध भरलं जातं, कॅप बसते. जाताना आईला सूचना: ओठ दोन-तीन तास बधिर राहील, तोवर खायला देऊ नका आणि ओठ चावतोय का बघत राहा. बधिर ओठ मुलं गंमत म्हणून चावतात आणि संध्याकाळी तो सुजलेला दिसला की घर घाबरतं.

दुपारी १२.४५

पावणेबाराचा मुलगा आत्ता पोचतोय. कलिनाहून येतात, मिलन सबवेत पाणी, उड्डाणपुलावर गाड्यांची रांग. आठ वर्षांच्या या मुलाला स्वमग्नता आहे. दुसऱ्या कुणाला तासभर उशीर झाला तर मी चिडले असते. इथे चिंता वेगळी. ठरलेलं बिघडलं की त्याचा सगळा दिवस उसवतो. आईने हुशारीने गाडीतून फोन केला होता, आणि ताईंनी प्रतीक्षेच्या खोलीतलं टीव्ही, दिवे सगळं बंद करून ठेवलं.

त्याच्यासाठी एक चित्रांची वही आहे: दार, चपला काढायची जागा, खुर्ची, ताई, मी मास्कशिवाय, मी मास्कमध्ये. आई ती घरी रोज दाखवते, आणि इथे त्याच क्रमाने तेच घडतं. क्रमाबाहेरचं काहीच नाही. डोळ्यांवर गडद चष्मा, कारण वरचा दिवा त्याला टोचतो. छातीवर एक्स-रेचा शिशाचा एप्रन. त्याच्या वजनाने तो शांत होतो. एअरोटर आज नाहीच. किडलेल्या दाढेभोवती गेल्या आठवड्यात रबराच्या छोट्या कड्या घालून फट केली होती, आज त्यात स्टीलची कॅप दाबून बसवायची. सुई नाही, कोरणं नाही, कीड आत कोंडून तिचा खुराक बंद करायचा. स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाईंची ही रीत. चावताना काही दिवस उंच लागतं, मग आपोआप बसतं.

खिडकीवरून विमान जातं. विमानतळाचं पहिलं टर्मिनल इथून जवळ, त्यामुळे आमच्या बोलण्यात दर काही मिनिटांनी खंड पडतो. इतर मुलं आवाजाने बिचकतात. हा मात्र विमानाची वाट बघत असतो. म्हणून मोजणी आकड्यांत न करता विमानांत होते. "पुढचं विमान गेलं की मी तोंडातून हात काढणार." तीन विमानांत कॅप बसते. जोरदार पावसात कधी विमानं थांबतात. आज थांबली नाहीत, हे आमचं नशीब.

२.००

डबा. आणि खाताना शिकाऊ डॉक्टरशी गप्पा. तिला तिच्या ओळखीतल्या एका ज्येष्ठांनी सांगितलंय, "एवढे लाड कशाला? धरून ठेवायचं, पाच मिनिटांत काम होतं."

काम होतं, हे खरं. ओरडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात ठेवून त्याला गप्प करणं हे एके काळी पाठ्यपुस्तकातलं तंत्र होतं. अमेरिकेच्या बालदंतवैद्यक अकादमीने २००६ मध्ये ते आपल्या मार्गदर्शनातून काढून टाकलं. दुसरा रस्ता मात्र त्याहून जुना आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची हकीगत लिहिली. तो आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा आणि दिवसागणिक थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. शंभर वर्षं झाली. आमची खुर्ची, आरसा, बटण हे त्याच सशाचे वंशज.

धरून ठेवण्याची किंमत लगेच वसूल होत नाही. पस्तिशीत ती वसूल होते. माझ्याकडे मुलांना घेऊन येणारे कितीतरी आईबाप स्वतःची दाढ वर्षानुवर्षं गोळ्या खाऊन दडपतात, कारण कुणीतरी कधीतरी त्यांना धरून ठेवलं होतं.

३.१५

गोळीबार नावाच्या भागातून आलेली बाई आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा. गाल सुजलेला, अंगात कणकण. ती चार घरची कामं करते, आज दोन सोडून आली आहे. तोंडात आठ दाढा किडलेल्या, दोन पू झालेल्या. मूल कुणालाच जवळ येऊ देत नाही, आणि त्याला दोष कसा देणार? ते आठवडाभर झोपलेलं नाही.

इथे माझ्या पायऱ्या, माकड, बटण यांना मर्यादा आहे. दुखणं पुढे आणि भीती मागे असेल तर आधी दुखणं थांबवावं लागतं. नायट्रस ऑक्साइडचा विचार करते. होरेस वेल्स या दंतवैद्याने १८४४ मध्ये या वायूखाली स्वतःचाच दात काढून घेतला होता. आज आपण तो ऑक्सिजनमध्ये मिसळून नाकावरच्या छोट्या मास्कमधून देतो. मूल जागं राहतं, बोलतं, पण धास्ती विरघळते. मात्र त्यासाठी मुलाने मास्क नाकावर ठेवून शांत श्वास घ्यायला हवा, आणि हा तर हातही लावू देत नाही. शिवाय आठ दाढा. याला पूर्ण भूल देऊन, रुग्णालयात, एकाच बैठकीत सगळं करणं योग्य. सहा वेळा झुंजण्यापेक्षा एकदा झोपणं बरं.

खासगी रुग्णालयाचा खर्च तिला झेपणारा नाही. म्हणून चिठ्ठी. मुंबई सेंट्रलला नायरचं दंत महाविद्यालय आहे, १९३३ पासूनचं, महापालिकेचं. किंवा हार्बर लोकलने थेट सीएसएमटीला उतरून सेंट जॉर्जच्या आवारातलं सरकारी दंत महाविद्यालय. दोन्हीकडे लहान मुलांचा वेगळा विभाग आहे. सूज उतरायचं औषध आजच सुरू. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली, ताप चढला किंवा गिळता येईनासं झालं, तर वाट न बघता रुग्णालय गाठायचं, हे तिच्याकडून दोनदा वदवून घेते.

चिठ्ठीत दातांच्या आकृतीखाली चार ओळी जास्त लिहिते: पाठीमागून हात लावलेला चालत नाही, आई दिसायला हवी, कुत्र्यांबद्दल बोलायला आवडतं. पुढचा डॉक्टर कितीही गर्दीत असला तरी एवढं वाचेल.

४.४०

फोन. आईचा आवाज चिरका. नऊ वर्षांचा मुलगा सोसायटीच्या ओल्या फरशीवर घसरला, वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर.

"शुद्ध हरपली होती? उलटी? नाही ना? मग दात कुठाय? मुळाला हात लावू नका, वरच्या पांढऱ्या भागाला धरा. घासू नका. पेलाभर थंड दुधात टाका आणि निघा. पाण्यात नको."

वीस मिनिटांत ते येतात, दुधाच्या पेल्यासकट. नऊ वर्षांच्या मुलाचा हा दात कायमचा आहे, म्हणून एवढी धावपळ. दुधाचा दात असा पडला तर तो कधीच परत बसवत नाहीत, खालच्या नव्या दाताला इजा होते. मुळावरच्या पेशी जिवंत असेपर्यंत परत बसवलेला दात धरण्याची आशा असते, आणि प्रत्येक मिनिट त्यातून वजा होतं.

म्हणजे माकड नाही, पायऱ्या नाहीत, ओळखही नाही. शर्टावर रक्त, मुलगा थरथरतोय. अशा वेळी आपला नियम काय कामाचा, असं वाटेल. तो इथेच सर्वांत जास्त लागतो.

"नीट ऐक. तुझा दात सापडलाय, तो परत बसू शकतो. एकदा टोचेल. मग दात आत ढकलताना मी थांबू शकणार नाही, वीस आकडे होईपर्यंत. तेव्हा हात वर केलास तरी थांबणार नाही. बाकी सगळ्या वेळी थांबेन. चालेल?"

पाळता येणार नाही असं वचन द्यायचं नाही, हे त्या नियमाचं दुसरं टोक. मुलगा मान हलवतो. तो किंचाळतो, आणि मी वीसला थांबते. दात जागेवर जातो. शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधून ठेवायचा, साधारण दोन आठवडे. धनुर्वाताची लस कधी झाली ते विचारायचं. पुढे रूट कॅनालही लागू शकेल, हेही आजच सांगायचं, म्हणजे तेव्हा पुन्हा फसवल्यासारखं वाटणार नाही.

संध्याकाळी ६.१५

या धांदलीत बाहेर गर्दी साठलेली. ताईंनी सगळ्यांना खरं कारण सांगितलंय, त्यामुळे कुरकुर कमी. बहीण-भाऊ आत येतात, ती दहाची, तो चारचा. काम त्याचं आहे, पण खुर्चीत आधी ती बसते. तो बाजूला उभा राहून दिवा धरतो. दात मोजणं, ब्रशने साफ करणं, फ्लोराइड लावणं, तो सगळं बघतो. रॅकमनची दुसरी वाट उलट दिशेनेही चालते: बघून भीती लागते, तसा धीरही लागतो. अट एकच, पुढे बसणारं मूल खरोखर निवांत असायला हवं. घाबरून हसणारा मोठा भाऊ कामाचा नाही.

तिचं झाल्यावर तो स्वतः चढतो आणि पहिल्यांदा बटण दाबतो. वडील मोबाइल काढून व्हिडिओ घ्यायला लागतात. तो मी बंद करायला लावते. मुलगा कॅमेऱ्यासाठी शूर व्हायला लागला की हात वर करायचं विसरतो.

७.४५

शेवटचा पेशंट गेला. फोन दोन. सकाळच्या सहा वर्षांच्या मुलाची आई सांगते, ओठ ठीक आहे, संध्याकाळी वरणभात जेवला, आणि धाकट्या बहिणीला मराठीत दहा मोजून दाखवत होता. दात बसवलेल्या मुलाचं दुखणं आटोक्यात आहे.

कागदांवर नोंदी. साडेतीन वर्षांच्या मुलीपुढे दोन उणे, आणि खाली: 'बटण दाबलं, खालचे दात मोजू दिले, चूक दुरुस्त करायला आवडते.' पुढच्या वेळी माकडाला दात तेवढेच, पण मला त्याचे कान मोजता येणार नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपवर उद्याच्या नऊच्या मुलाच्या आईचा प्रश्न आहे. पाच वर्षांचा, पहिलीच भेट. 'मॅडम, त्याला काय सांगून आणू?' हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारतं, त्यामुळे उत्तर जवळजवळ तयारच असतं:

'खरं सांगा. दाताच्या डॉक्टरकडे चाललोय, त्या दात मोजतील, आरसा आणि दिवा असेल. दुखणार नाही असं सांगू नका, त्याने दुखणं हा विषय निघतो. दुखेल का असं त्याने विचारलं तर "मला माहीत नाही, आपण डॉक्टरांनाच विचारू" म्हणा. तुमची स्वतःची दाढ काढतानाची गोष्ट आज नको. आदल्या रात्रीपासून चर्चा नको, सकाळी एकदा सांगितलं की पुरे. नाश्ता करून आणा. आवडतं खेळणं सोबत असू द्या. आणि शहाण्यासारखा वागलास तर चॉकलेट देईन, हे आमिष दाखवू नका. एक तर त्याला कळतं की काहीतरी वाईट घडणार आहे. दुसरं म्हणजे ते चॉकलेट फिरून माझ्याकडेच येतं.'